कोणी न बसलेली खुर्ची

१

शनिवारची सकाळ रेग्नारची तेलाची असे. न्याहारीची भांडी आवरली की तो जुन्या गंजीफ्रॉकची चिंधी घ्यायचा, बशीत जवसाचे तेल ओतायचा आणि एकेक खुर्ची खिडकीपाशी ओढून पुसायला बसायचा. घाई नसे. लाकडाच्या रेषा जिकडे जातात तिकडेच हात न्यायचा. उलटा हात फिरवला की लाकूड रुसते, असे तो म्हणे.

जन्मभर तो फेरीबोटीच्या इंजिनखोलीत राबला होता. आयुष्य गोंगाटात गेले म्हणून की काय, त्याला गप्प उभ्या राहणाऱ्या वस्तूंचा नाद लागला. महायुद्ध संपल्यानंतरच्या काही वर्षांत डेन्मार्कच्या सुतारांनी जे सागवानी आणि ओकचे सामान घडवले, सडपातळ पायांचे, नक्षी नसलेले, नुसता हात टेकला तरी बरे वाटावे असे, त्यावर त्याचा जीव होता. पण सामान नुसते चांगले असून भागत नसे. खुर्ची कोणासाठी घडवली, कोणत्या घरात होती, तिच्यावर कोण बसायचे, हे कळल्याशिवाय तो पाकिटाला हात घालत नसे. दिवाणखान्यातली एक खुर्ची बिशपच्या अभ्यासिकेतली होती. जिन्याखालची एक जुन्या रेडिओ केंद्रात बातम्या वाचणाऱ्या माणसाची. ज्या खुर्चीचा माणूस ठाऊक नाही, ती त्याच्या लेखी सरपण.

"मला बघायला आलास तेव्हा माझ्या घरची माणसं कोण हे विचारायला तुला वर्ष लागलं," त्याची बायको विबेके म्हणायची. "खुर्चीचं माहेर मात्र पहिल्या भेटीत विचारतोस."

"तू बोलत होतीस. खुर्ची बोलत नाही, तिचं विचारावं लागतं."

यावर ती हसायची. पण त्या वर्षी तिचे हसणे कमी झाले होते. हिवाळ्यात तिच्या हृदयाने दगा दिला. इस्पितळातून ती घरी आली ती निम्मी होऊनच. जेवणावरची वासना उडाली. जिना चढताना मध्येच भिंत धरून थांबायची आणि आपण चित्र बघतो आहोत असे दाखवायची. रेग्नारला ते कळायचे. तोही चित्र बघत थांबायचा.

मे महिन्यात प्रेबेनचा फोन आला. प्रेबेन ओडेन्सचा, जुन्या सामानाचा व्यापारी, तोंडाचा फाटका आणि मनाचा बरा.

"म्हाताऱ्या, बसलायस का? मग नीट बस. फोबोर्गला डॉक्टर ब्रामचा सेट निघालाय. आयलर सुताराच्या हातचा. एकदाच केला त्यानं, पुन्हा केला नाही. टेबल आणि सहा खुर्च्या. त्यातली एक न बसलेली."

"न बसलेली म्हणजे?"

"म्हणजे न बसलेली! पासष्ट वर्षांत तिला कुणी बूड लावलेलं नाही. मुलगी विकतेय. तुझ्यासारख्याच माणसाला देणार म्हणे, व्यापाऱ्याला नाही. तू घे. पुढे संग्रहालयात द्यायचा झाला तर आपण दोघं बोलू."

२

विबेके सोबत आली. घरात बसून कंटाळा आला, म्हणाली.

फोबोर्गच्या त्या घराचे दार एका ठेंगण्या, सत्तरी उलटलेल्या बाईने उघडले. ही डॉक्टरांची मुलगी, इंगेलिसे. तिने रेग्नारकडे पाहिलेच नाही. त्याच्या खांद्यावरून तिची नजर मागे उभ्या असलेल्या विबेकेवर गेली आणि तिचा चेहरा उजळला.

"गेल्या वेळेबद्दल आभार," ती म्हणाली.

डेन्मार्कात कोणाकडे जेवून आले की तो माणूस पुन्हा भेटताच पहिले वाक्य हेच असते. मग ती भेट दुसऱ्या दिवशी होवो की दोन वर्षांनी. पोरेसोरेही ते चुकत नाहीत. पण विबेके या घरी कधी जेवली नव्हती. या गल्लीतही ती कधी आली नव्हती.

ती क्षणभर घोटाळली. म्हाताऱ्या बाईला तिच्याच उंबऱ्यावर उभे राहून, तुमचे चुकते आहे, असे कसे सांगायचे? तसे सांगण्याची तिची रीत नव्हती. तिने चांगल्या घरची बाई जे म्हणते तेच म्हटले.

"आभार तर तुमचेच."

"मग आता पाळी तुमची," इंगेलिसे म्हणाली.

"अर्थात. या ना जेवायला. सगळेच या."

"सगळ्यांना सांगते," म्हातारी म्हणाली आणि बाजूला सरून तिने त्यांना आत घेतले.

जेवणाच्या खोलीत सेट उभा होता. रेग्नार दारातच थांबला. सयामचा साग, मधासारखा पिकलेला. हात टेकायच्या जागा पक्ष्याच्या पंखासारख्या मागे वळलेल्या. बैठका कागदाच्या पिळदार दोरीने विणलेल्या. अशी बैठक नवी असली की माणूस बसताच कुरकुरते, नव्या चपलेसारखी. बसत गेले की दोरी त्या माणसाचा आकार घेते, खोलगट होते आणि मग गप्प होते. रेग्नारने एकेका बैठकीवर तळवा दाबला. पाच खुर्च्या खोलगट होत्या, गप्प होत्या. सहाव्या खुर्चीवर तळवा टेकताच ती कुरकुरली. काल विणल्यासारखी.

त्याच्या अंगावर काटा आला. असा काटा त्याला चांगल्या वस्तूपुढे नेहमी यायचा.

"हिच्यावर खरंच कोणी बसलं नाही?"

"नाही. पान मात्र दर रविवारी मांडायचो."

"कोणासाठी?"

"अहो, त्यांच्या उजव्या हाताला बाई नको का?" इंगेलिसे म्हणाली आणि हनुवटीने तिने शेजारची खुर्ची दाखवली. मेजवानीत पुरुषाच्या उजव्या हाताला त्याच्या वाट्याची बाई बसते. तोच तिला हाताला धरून टेबलापर्यंत आणतो, जेवताना तिची विचारपूस करतो. हे रेग्नारला ठाऊक होते. त्या शेजारच्या खुर्चीची बैठक पाचांत सर्वांत खोल होती. त्या खुर्चीच्या उजव्या हातावरचा साग घट्ट धरून धरून काळा पडला होता.

"ते म्हणजे कोण?"

"कॉफी घेणार ना?" इंगेलिसेने विबेकेला विचारले.

परतताना गाडीत रेग्नारने बायकोची फिरकी घेतली. "खरं सांग, माझ्या पाठीमागे कुठे कुठे जेवून येतेस?"

"तू बोटीवर असायचास ना, तेव्हा," विबेके म्हणाली. "रोज एक डॉक्टर."

दोघेही हसले. बऱ्याच दिवसांनी ती मनापासून हसली, म्हणून ती वाट त्याच्या लक्षात राहिली.

३

स्वेनबोरच्या त्यांच्या घरात दोन खोल्या शेजारी शेजारी होत्या. एक स्वयंपाकघर, तिथेच दोघे जेवायचे. दुसरी जेवणाची मोठी खोली, तिच्या खिडक्यांतून खाडी दिसायची. तिथे जेवायला वर्षात फारसे कोणी येत नसे. नवा सेट त्या खोलीत लागला.

"त्या एका खुर्चीवर बसायचं नाही हं," रेग्नारने बजावले. "एकदा जरी कोणी बसलं तरी तिची सगळी किंमत गेली."

"मी कशाला बसते? माझी आहे की इथे." विबेकेने स्वयंपाकघरातली आपली खुर्ची ओढली. साधी पाइनची, वर तिने स्वतः शिवलेली निळी गादी.

पहिला आवाज त्याने एका दुपारी ऐकला. राय धान्याच्या काळ्या पावावर खारवलेला मासा होता, बिटाच्या फोडी होत्या. विबेके ताटल्या घेऊन आली आणि बसली. पलीकडच्या खोलीत कुरकुर झाली.

तो ओळखीचा आवाज होता. त्याने उठून पाहिले. सहा खुर्च्या होत्या तशा होत्या. उन्हाचा पट्टा टेबलावरून आडवा गेला होता.

हवा बदलली की लाकूड बोलते. फोबोर्गचे घर कोरडे, हे खाडीकाठचे. दोरी तर कागदाचीच, दमट हवेने फुगणार. त्याने स्वतःला हे सांगितले आणि ते त्याला पटले. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तसेच झाले. विबेके बसली आणि कुरकुर. ती चमचा आणायला उठली आणि कुरकुर. मग रेग्नारला दुसरे कारण सुचले: दोन्ही खोल्यांच्या तळाशी त्याच फळ्या. इकडे वजन पडले की तिकडे हलणार. इंजिनखोलीतल्या माणसाला एवढे कळतेच. तो स्वतः उठला, जोरात बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला.

पलीकडे काहीच वाजले नाही.

"काय रे, व्यायाम चाललाय?" विबेके म्हणाली.

"मीठ देतेस का जरा?"

ती उठली. कुरकुर. मीठ ठेवून बसली. कुरकुर.

"आणि मोहरी?"

"आधी नाही का सांगायचं?" कुरकुर. कुरकुर.

"एक पेला पाणी."

"रेग्नार, तुझे पाय मोडले का? जन्मभर इंजिनाला तेल पाजलंस, आता बायकोला पळवतोस होय?" तरी ती उठली. पाणी घेऊन आली. बसली.

यावेळी त्याचे कान पलीकडे होते, पण डोळे निळ्या गादीवर होते. विबेके बसली तरी गादी दबली नाही. कडेची शिवण होती तशी फुगीरच राहिली. जणू गादीवर कोणी बसलेलेच नव्हते.

४

सांगायची गोष्ट अशी, की विबेके बरी होत होती.

ती पोटभर जेवायला लागली. दुसऱ्यांदा बटाटे घ्यायला लागली. जिना चढताना आता चित्रापाशी थांबत नसे. गालांवर रंग आला. डॉक्टरांनी तिचे ठोके तपासून, काय खाता काय तुम्ही, आम्हालाही सांगा, अशी चेष्टा केली. रेग्नारला आनंद झाला. खरी अडचण तीच होती. आनंद झाल्यावर माणूस फार खोलात शिरत नाही.

जेवायला बसताना ती आता कानांत मोती घालायची. कोणी येणार आहे का, असे त्याने एकदा विचारले. "का, तुझ्यासाठी नटू नको?" ती म्हणाली. पण ती बोलताना मध्येच थांबायची. वाक्य संपवून जरा वेळ गप्प राहायची, मान किंचित कलती करून, आणि मग हसायची. समोरचा काही विनोद सांगून गेला की बाई हसते तशी. समोर रेग्नार होता, आणि तो काही बोललेला नसे. ती मान नेहमी एकाच बाजूला कलायची. डावीकडे.

पलीकडची कुरकुर दिवसेंदिवस हळू होत गेली. जूनच्या मध्यावर ती थांबली.

आवाज थांबला म्हणून त्याला हलके वाटायला हवे होते. तसे वाटले नाही. बैठक कधी गप्प होते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक?

५

प्रेबेन आला तो छोटा टेम्पो घेऊनच. संग्रहालयाची मंडळी राजी होती.

"कुठंय ती कुमारिका?" दारातून येतानाच त्याने विचारले. विबेकेने त्याला फडक्याने फटका मारला. तो हसत जेवणाच्या खोलीत गेला आणि त्याने सहाव्या खुर्चीवर तळवा दाबला. मग वाकून बैठकीवर तिरपा उजेड पाहिला.

"ही कुठली?" तो म्हणाला.

"कुठली म्हणजे?"

"अरे, हिच्यावर वर्षानुवर्षं कोणीतरी बसलंय. हा खळगा बघ. बाईमाणूस आहे. डावीकडे झुकून बसते. बोलकी असणार." त्याने रेग्नारकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "मी फोबोर्गला स्वतःच्या हातानं दाबून बघितली होती. तू बदललीस का?"

"नाही."

"मग वहिनी बसतात का?"

"मी माझ्या जागेवर बसते," विबेके स्वयंपाकघरातून म्हणाली.

प्रेबेन कॉफी न घेताच गेला. त्याला फसवल्यासारखे वाटले असणार. रेग्नारने त्याला थांबवले नाही. त्याने ती खुर्ची उचलली, अंगणातून खाली नेली आणि खाडीकाठच्या होडीच्या छपरात, डांबराचे डबे आणि जुनी जाळी होती तिथे ठेवून दाराला कडी लावली. हे त्याने बायकोला सांगितले नाही.

त्या दुपारी बाहेर लख्ख ऊन होते. शेगडीवर सूप रटरटत होते. विबेके जेवायला बसली आणि तिने खांद्यांवर शाल ओढली.

"इथं किती गार आहे रे."

"गार? शेगडीला पाठ लावून बसलीयस."

"आणि डांबराचा वास कसला?" तिने नाक मुरडले. "आपण इथं का जेवतोय? कसली ही जागा? पायाखाली सगळं ओलं आहे."

त्याने टेबलावरून हात पुढे करून तिचा हात धरला. हात बर्फासारखा होता. तिचे ओठ निळसर पडले होते, आणि ती त्याच्याकडे पाहत होती, पण अंधारातून उजेडातल्या माणसाकडे पाहावे तसे डोळे बारीक करून पाहत होती.

रेग्नार त्या वयात धावला. अंगण ओलांडले, कडी काढली, खुर्ची छातीशी धरून वर आणली आणि होती तिथे ठेवली. परत आला तेव्हा विबेके सूप पीत होती.

"कुठं पळालास ताट टाकून?" ती म्हणाली. "निवलं ना ते."

तिसऱ्या प्रहरी त्याने कुऱ्हाड काढली. जेवणाच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. मग तिचा तो गार हात त्याला आठवला आणि त्याने कुऱ्हाड परत जागच्या जागी टांगली.

६

तो एकटाच फोबोर्गला गेला. इंगेलिसे घर सोडून म्हाताऱ्या माणसांच्या वसतिगृहात राहायला गेली होती. खिडकीत जिरेनियमची कुंडी, भिंतीवर जुन्या घरातल्या जेवणाच्या खोलीचा एक फोटो. फोटोत कोणी माणसे नव्हती, फक्त मांडलेली पाने.

"खुर्च्या परत घ्या," रेग्नार म्हणाला. "पैसे नकोत."

"मी कुठं ठेवू? इथं पलंग मावत नाही."

"माझी बायको तुमच्याकडे कधीच जेवली नव्हती. तुमचं मन राखायला ती तसं म्हणाली."

"हो. फार सभ्य बाई," इंगेलिसे म्हणाली. "अशी हल्ली मिळत नाही. आईनं किती जणींना दारात 'गेल्या वेळेबद्दल आभार' म्हणून पाहिलं. सगळ्या म्हणायच्या, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय."

रेग्नारची नजर फोटोतल्या पानांवर गेली.

"जेवायला कोण येणार आहे?"

"तिनं सगळ्यांना बोलावलंय. मी सांगितलंय सगळ्यांना."

"आणि जेवून झाल्यावर?"

"जेवून झाल्यावर काय, पाहुणे घरी जातात. आमच्याकडून दोन जोडपी जायची. ते मात्र एकटे जायचे. लहानपणी मी जिन्यावरून बघायची. दारात थांबून मागे वळून बघायचे. मला फार वाईट वाटायचं हो." तिने त्याच्या हातावर थोपटले. तिचे डोळे खरोखरच भरून आले होते. "आता नाही जावं लागणार तसं."

तो घरी आला तेव्हा विबेके लिननचे टेबलक्लॉथ इस्त्री करत होती.

"रविवारी दुपारी येताहेत," ती म्हणाली.

"कोण?"

"पाहुणे. अरे, असा काय बघतोस? मी शब्द दिलाय ना."

"विबेके, नको. बरं नाही म्हणून कळवू."

"मला? मला काय झालंय?" ती हसली. तिचे गाल गुलाबी होते. लग्नाच्या वर्षीही त्याने तिला इतकी सुंदर पाहिली नव्हती. "डुकराचा चांगला तुकडा आण, कातडी असलेला. कुरकुरीत व्हायला हवी."

त्याने आणला. दुसरे काय करावे ते त्याला सुचले नाही. तिला घेऊन दूर कुठे जावे असे त्याच्या मनात आले. पण ती जेवायला कुठेही बसली तरी तिचे बसणे कुठे आहे, हे त्याला आता माहीत होते.

७

रविवारी आभाळ निरभ्र होते. खाडीवर शिडे होती. घरभर भाजलेल्या मांसाचा आणि अजमोद्याच्या पांढऱ्या रश्श्याचा वास भरला होता. विबेकेने पाने मांडली. सहा ताटल्या, सहा पेले, रुमालांच्या सहा घड्या. रेग्नार भिंतीशी उभा राहून बघत होता.

"माझं पान?" त्याने विचारले.

"अरे, तू वाढणार ना?" ती म्हणाली. अगदी सहज, जसे काही हे आधीच ठरले होते. मग तिने आरशात मोती नीट केले आणि ती बाहेरच्या ओसरीत गेली.

घंटा वाजली नाही. दार उघडल्याचे त्याने ऐकले नाही. ओसरीतून विबेकेचा आवाज मात्र येत होता. या, या. किती दिवसांनी. कोट इकडे द्या. तिच्या प्रत्येक वाक्यानंतर थोडी शांतता, मग तिचे हसू. रेग्नार रश्श्याचे भांडे घेऊन जेवणाच्या खोलीत आला आणि टेबलाच्या टोकाशी उभा राहिला. तो मनाशी म्हणत होता, बाई आजारातून उठली आहे, तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, यावर औषधे असतात. खोलीत कोणीही नाही. ऊन आहे, टेबल आहे, सहा खुर्च्या आहेत.

पलीकडच्या बाजूची एक खुर्ची मागे सरकली.

फार नाही, माणूस शिरेल एवढी. तिच्या शेजारची सरकली. बैठकीची दोरी त्याच्या डोळ्यांदेखत खाली गेली, ताणली, थांबली. मग दुसरी. मग टेबलाच्या या बाजूच्या दोन. मेजवानीत असेच येतात, जोडीजोडीने. चार बैठका भरल्या होत्या आणि त्यांवर ऊन पडले होते. आवाज काहीच नव्हता. या खुर्च्या कधीच्याच गप्प झालेल्या होत्या.

दोन राहिल्या. खोल खळग्याची, आणि तिच्या उजवीकडची.

विबेके ओसरीच्या दारात आली. ती सावकाश चालत होती, कोणाच्या तरी पावलाला पाऊल जुळवून. तिचा हात कोपरात वाकलेला होता आणि पंजा हवेत टेकलेला होता. रेग्नारचा हात तिने आयुष्यभर धरला होता. तो हात जिथे असे त्यापेक्षा हा पंजा बराच वर होता. तिने मान डावीकडे कलती केली होती. ती ऐकत होती.

रेग्नारने रश्श्याचे भांडे खाली ठेवले. तो नंतर कधी सांगू शकला असता तर म्हणाला असता की त्याने काही विचार केला नाही. त्याने फक्त खुर्चीकडे पाहिले. आयलर सुताराच्या हातची, जिच्यावर कोणी बसू नये म्हणून त्याने तिला जिवापाड जपले होते. ती त्याने ओढली आणि तिच्यावर तो बसला.

खुर्ची मोठ्याने कुरकुरली. तो खळगा त्याचा नव्हता. दोरी त्याच्या वजनाखाली वळली, ताणली, कुठेतरी तिचा एक पदर तटकन तुटला. त्याने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि तो उठला नाही.

दारात विबेकेचा पंजा खाली पडला. खालचा आधार कोणी काढून घ्यावा तसा. ती झोकांडली, तिने चौकट धरली. तिच्या गालांवरचा रंग उतरला आणि ती धापा टाकू लागली, हिवाळ्यात टाकायची तशी. आजारी, थकलेली, म्हातारी. पूर्ण इथली. तिने खोलीभर पाहिले. मांडलेली पाने पाहिली, आणि ती कोणी मांडली हे तिला आठवत नसावे.

"रेग्नार?" ती म्हणाली. "अरे, त्या खुर्चीवर? आणि हे एवढं कोणासाठी?"

त्याला इतका आनंद झाला की त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागून कोणीतरी त्याची खुर्ची हळूच पुढे सरकवली. बाईला टेबलाशी बसवताना सरकवतात तशी, बेताने, गुडघ्यांना धक्का न लागता. मग शेजारच्या बैठकीची दोरी सावकाश खाली गेली.

"रेग्नार, बोल ना," विबेके म्हणाली. "काय झालं?"

तिला उत्तर द्यायला हवे होते. तो तोंड उघडून वळला. पण वळला तो तिच्याकडे नव्हे. त्याची मान डावीकडे कलली, आणि तो ऐकू लागला.